मराठवाडा किती जगतो? ग्रामसेवकांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले सर्व ग्रामपंचायत अधिकारी,
अर्थात आपापल्या गावचे जन्म-मृत्यू निबंधक

भाऊसाहेब, नमस्कार.

शासनाने 2024 मध्ये तुमचं पदनाम बदललं, पण गावात तुम्ही अजून ग्रामसेवकच आहात आणि हाक ‘भाऊसाहेब’ अशीच येते. मीही तीच मारते. तुमच्यात आता ताईही पुष्कळ आहेत. पत्र त्यांनाही तितकंच आहे.

महाराष्ट्राचं सरासरी आयुर्मान सत्तरीच्या पुढे गेल्याचं आपण वाचतो. 2014-18 च्या तक्त्यात ते 72.5 वर्षं होतं आणि देशाचं 69.4. यात मराठवाड्याचं किती? बीडचं किती, हिंगोलीचं किती? त्यावर वाद घालायचीही सोय नाही, कारण असा अधिकृत आकडाच कुणी प्रसिद्ध करत नाही. 2011 च्या जनगणनेत मराठवाडा 1 कोटी 87 लाखांचा होता. युरोपातले कितीतरी देश याहून लहान आहेत आणि त्या देशांना स्वतःचे आयुर्मानाचे तक्ते आहेत. आपल्याला मात्र मुंबई-पुण्यासकट अख्ख्या राज्याची सरासरी वापरावी लागते. हा आकडा तुमच्या नोंदवहीतून निघू शकतो, दुसरीकडून निघणं अवघड आहे. आणि त्याची वेळ नेमकी आता आली आहे, म्हणून हे पत्र.

आधी हा आकडा म्हणजे काय ते सांगते. तुमच्या कार्यालयात येणाऱ्यांनाच काय, तालुक्याच्या साहेबांनाही तो बहुधा उलटा कळलेला असतो.

पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: पूर्वीची माणसं शंभर-शंभर वर्षं जगायची, गावरान तूप आणि ज्वारीची भाकर. त्यावर शिकलेला पोरगा मोबाइल काढून दाखवतो की 1941-50 च्या दशकात भारतीयांचं आयुर्मान 32 वर्षं होतं, म्हणजे तिशीतच म्हातारपण यायचं. दोघांचंही चुकतं. समजा एका वस्तीत दहा लेकरं जन्मली. दोन जन्मताच गेली, बाकीची आठ 75 वर्षं जगली. बेरीज 600 वर्षं, सरासरी 60. त्या वस्तीत साठीला एकही माणूस मेला नाही, तरी वस्तीचं आयुर्मान 60. पूर्वीचा 32 हा आकडा मोठ्या प्रमाणात असाच खाली ओढलेला होता. लेकरं जात, बाळंतपणात बाया जात, हिवताप, पटकी आणि क्षय भरल्या वयातली माणसं नेत. यातून वाचून जे पुढे गेले तेच म्हातारे होऊन पारावर बसले. गेलेली भावंडं त्या गप्पांत यायला उरली नव्हती.

आता तक्ता कसा मांडतात ते. ठरावीक काळात कोणत्या वयाची किती माणसं होती आणि त्यांतली किती गेली, एवढीच माहिती लागते. गट करायचे: वर्षाच्या आतली, एक ते पाच, मग पाच-पाच वर्षांचे, शेवटी 85 च्या पुढची. प्रत्येक गटाचा मृत्युदर काढायचा. मग कागदावर एक लाख लेकरं एकाच वेळी जन्माला घालायची. पहिल्या गटाच्या दराने त्यांतली काही वजा, उरलेली पुढच्या गटात, तिथल्या दराने आणखी काही वजा, असं शेवटचा माणूस जाईपर्यंत. सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं मोजून लाखाने भागली की जन्माच्या वेळचं आयुर्मान हातात येतं.

ती लाख माणसं खरी कुठेच नसतात. आजचे दर आयुष्यभर असेच राहिले तर काय होईल, याचा तो हिशोब असतो; कुणा एकाचं भविष्य त्यात नसतं. किल्लारीचा भूकंप आठवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हजारो माणसं गेली. त्या वर्षाचा लातूर-धाराशिवचा तक्ता कुणी मांडला असता तर आयुर्मान धाडकन कोसळलेलं दिसलं असतं आणि 1994 च्या तक्त्यात ते पुन्हा वर आलं असतं. सास्तूरला त्या रात्री वाचलेल्या लेकराचं पुढचं आयुष्य त्या आकड्याने एका दिवसानेही घटलं नाही. आकडा त्या वर्षाबद्दल बोलतो, लेकराबद्दल नाही.

कोविडचंही असंच. देशाचा अधिकृत तक्ता पाच वर्षांची गोळाबेरीज करून मांडतात, त्यामुळे 2016-20 चे 70 आणि 2017-21 चे 69.8 असा जेमतेम फरक दिसला. संयुक्त राष्ट्रांनी 2022 मध्ये वर्षवार अंदाज दिले; त्यात 2019 साली भारताचं आयुर्मान 70.9 आणि 2021 साली 67.2 होतं. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत स्मशानात नंबर लावून उभ्या राहिलेल्यांना यातला कोणता आकडा ओळखीचा वाटेल हे मी सांगायला नको.

या मोजणीचा इतिहास तुम्हाला मुद्दाम सांगायचा आहे, कारण त्यात तुमचाच एक पूर्वज आहे. लंडन शहरात दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापल्या जात. कोण कशाने मेलं ते त्यात असे, वय नसे. जॉन ग्राँट नावाच्या कापड-सामानाच्या व्यापाऱ्याने 1662 मध्ये त्या याद्यांवर पुस्तक काढलं. बुद्धिमान माणूस, पण वयच नाही म्हटल्यावर करणार काय? कोणत्या आजाराने लेकरं मरतात याचा अंदाज बांधून सहा वर्षांच्या आत किती गेली असतील ते त्याने ताडलं. खरा तक्ता 1693 मध्ये मांडला तो एडमंड हॅलीने, धूमकेतूवाल्या हॅलीनेच. त्यासाठी त्याने लंडन सोडून ब्रेस्लाउ हे शहर निवडलं, आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. कारण तिथल्या कास्पर नॉयमान नावाच्या पाद्रीने 1687 ते 1691 या पाच वर्षांतले जन्म आणि मृत्यू वयासकट गोळा करून ठेवले होते. तिथे वर्षाला सरासरी 1238 लेकरं जन्मत आणि त्यांतली 348 वर्षाच्या आत जात, हे आज आपण सांगू शकतो ते त्यामुळे. लंडनच्या यादीत वयाचा रकाना यायला 1728 उजाडलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक, पण त्याचा तक्ता मांडता येईना. आणि दूरच्या एका गावचा मांडता आला, कारण तिथे कुणीतरी वय विचारत होतं.

आपल्याकडे आता काय होतं? देशाचं आयुर्मान तुमच्या नोंदवहीवरून काढत नाहीत, हे बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेलं नसेल. नोंदणी अपुरी असते हे गृहीत धरून 1960 च्या दशकात नमुना नोंदणी पद्धत सुरू झाली. देशभरात साडेआठ हजारांहून जास्त गावं आणि शहरी गट निवडलेले आहेत. तिथे एक अर्धवेळ गणक, बहुधा अंगणवाडी ताई किंवा शिक्षक, वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक वेगळा जाऊन घरोघरी विचारतो. मग दोन्ही याद्या समोरासमोर ठेवतात आणि जे जुळत नाही त्याची जागेवर जाऊन खातरजमा करतात. दोन स्वतंत्र याद्या ताडून दोन्हींतून निसटलेल्यांचाही अंदाज बांधण्याचं गणित चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी 1949 मध्ये मांडलं, तेही बंगालमधल्या सिंगूरच्या नोंदींवर. पद्धत उत्तम आहे. पण नमुना राज्यापुरता घेतलेला असतो. त्यातून महाराष्ट्राचा तक्ता निघतो, स्त्री-पुरुषांचा वेगळा निघतो, ग्रामीण-शहरी वेगळा निघतो. परभणीचा निघत नाही.

त्यामुळे 2012 च्या राज्य मानव विकास अहवालात जिल्ह्यांचा निर्देशांक काढताना आयुर्मानाऐवजी अर्भक मृत्युदरावर भागवावं लागलं. आमच्या पिढीचं अर्धं आयुष्य अनुशेष हा शब्द ऐकण्यात गेलं. 1984 च्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीजपंप असं सगळं जिल्हावार मोजलं. पुढे वैधानिक विकास मंडळ आलं, 2020 मध्ये त्याची मुदत संपली. केळकर समिती झाली. पाण्याचा अनुशेष आम्ही टीएमसीत सांगू शकतो. इथला माणूस पुण्याच्या माणसापेक्षा किती वर्षं कमी जगतो, की जगतच नाही कमी, हे सांगायला आमच्याकडे कागद नाही. मागणी कशाच्या जोरावर करायची?

वाढ झालीच नाही असं मी म्हणत नाही. गेल्या शंभर वर्षांत जे घडलं ते अचाटच आहे. 1911-21 या दशकात, ज्यात 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आली, भारताचं आयुर्मान विशीच्या आसपास होतं असा अंदाज आहे. 1970-75 मध्ये ते 49.7 झालं, महाराष्ट्राचं 53.8. देवी गेली, लसी आल्या, पेनिसिलिन आलं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी आलं. अर्भक मृत्युदर 1971 मध्ये देशात हजारी 129 होता, 2020 मध्ये 28, महाराष्ट्रात 16. बायांचं आयुर्मान 1970-75 पर्यंत पुरुषांपेक्षा कमी होतं, 49 आणि 50.5, ऐंशीच्या दशकात त्या पुढे गेल्या. आणि 1972 चा दुष्काळ? विहिरी आटल्या, गुरं गेली, पण रस्त्याच्या कामावर खडी फोडून, सुकडी आणि मिलो खाऊन माणूस तगला. जुन्या दुष्काळांत गावंच्या गावं उठत. आयुर्मान दवाखान्याइतकंच मस्टरवरही वाढतं, हे मराठवाड्याइतकं कुणाला माहीत असेल?

एक गोष्ट मात्र हा तक्ता दाखवतच नाही. तो जन्मापासून सुरू होतो. 2011 मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. ज्या जन्मालाच येऊ दिल्या नाहीत त्यांचं आयुष्य कुठल्याच सरासरीत शून्य म्हणूनही धरलेलं नाही. बायांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त आहे असं भाषणात कुणी सांगितलं की मला 807 आठवतो.

आता तुमच्या नोंदवहीकडे येते. तुमच्यावर घरकुलं आहेत, करवसुली आहे, रोजगार हमी आहे, ग्रामसभा आहेत, एकेकाकडे दोन-दोन तीन-तीन गावं आहेत. मृत्यूची नोंद त्यात सगळ्यात शेवटी येते, आणि तीही वारसांना दाखला लागतो तेव्हा. दोष तिथेच सुरू होतो. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो गेला की फेरफारासाठी घरचे 21 दिवसांच्या आत येतात. जिच्या नावावर काहीच नाही ती म्हातारी गेली तर कोण येणार? दहा दिवसांचं लेकरू गेलं तर त्याला रानाच्या कडेला पुरतात आणि घरात त्याचं नावही काढत नाहीत. दाखला कुणाला हवा असतो? म्हणजे नोंदवहीत जमीनवाले पुरुष भरपूर आणि बाया-लेकरं विरळ. अशा वहीवरून तक्ता मांडला तर मराठवाडा लय भारी जगतो असं उत्तर येईल.

किती भारी, तेही सांगते. हजार जन्मांमागे दहा अर्भकमृत्यू लिहायचे राहिले, तर प्रत्येकामागे कागदावर साधारण 72 वर्षं फुकटची जमा होतात. 720 वर्षं हजारांत वाटली की आयुर्मान पाऊण वर्षाने फुगलं. ऐंशीची दहा माणसं लिहायची राहिली तर इतका फरक पडत नाही. म्हणून आशाताई आणि अंगणवाडी ताईंची वही दर महिन्याला एकदा तुमच्या वहीशेजारी ठेवा. त्यांना सगळी बाळंतपणं माहीत असतात. आणि लेकरू एकदा जरी श्वास घेऊन गेलं असेल तर त्याचा जन्म नमुना 1 वर आणि मृत्यू नमुना 2 वर, अशा दोन नोंदी होतात. ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून नमुना 3 वर टाकलं की ते लेकरू जन्मातूनही गेलं आणि मृत्यूतूनही.

वयाचा रकाना नमुना 2 वर नीट समजावलेला आहे: वर्षाच्या पुढे असेल तर पूर्ण झालेली वर्षं, त्याखाली महिने, महिन्याच्या आत दिवस, दिवसाच्या आत तास. तरी वह्यांत 60, 65, 70, 75 अशी वयांची गर्दी दिसते. घरचे म्हणतात, असतील साठ-पासष्ट, आणि आपण 65 लिहितो. आधार कार्ड बघितलं तर जन्मतारीख 1 जानेवारी, शाळेचा दाखला बघितला तर 1 जून. मास्तरांनी आमच्या सगळ्या पिढीला एकाच दिवशी जन्माला घातलं आहे. श्रावणबाळ योजनेला 65 लागतात म्हणून कागदावर वय वाढवलेली माणसंही थोडी नाहीत. म्हातारपणाची वयं अशी फुगली की साठीनंतरचं आयुर्मानही फुगतं.

यावर आपल्याकडे चांगला उपाय आहे, सर्वेक्षणवाले तो नेहमी वापरतात. वय विचारू नका, प्रसंग विचारा. पोलीस ॲक्शनच्या वेळी आजी पाळण्यात होती की बकऱ्या राखत होती? बहात्तरच्या दुष्काळात तिचं लग्न झालं होतं का, खडी फोडायला गेली तेव्हा कडेवर कोण होतं? किल्लारीच्या भूकंपाला नातू केवढा होता? 1948, 1972, 1993 असे तीन खुंटे मराठवाड्यात प्रत्येक घराला माहीत आहेत. वय एक-दोन वर्षांच्या फरकाने निघतं आणि तक्त्याला तेवढं पुरतं.

तिसरी अडचण जागेची. कायद्याने मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवतात. वडवणीची बाई ऊसतोडीला टोळीबरोबर गेली आणि सांगलीकडच्या फडावर गेली, तर नोंद तिकडे. जालन्याचा म्हातारा घाटी दवाखान्यात गेला तर नोंद छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेत. नुसत्या नोंदी मोजल्या तर दवाखान्याची शहरं मृत्यूने भरलेली आणि वडवणी-धारूर ठणठणीत दिसतील. ही गफलत दुरुस्त करता येते, कारण नमुना 2 च्या सांख्यिकी भागात मयताचं राहतं गाव विचारलेलं आहे. पण तो भाग दाखल्यावर येत नाही, म्हणून तो कुणी मनावर घेत नाही. शहरातल्या निबंधकांनाही माझी हात जोडून विनंती आहे: राहतं गाव, तालुका आणि जिल्हा पूर्ण लिहा. कोयता घेऊन सहा महिने परजिल्ह्यात राहणाऱ्याचं राहतं गाव म्हणजे त्याचं मूळ गाव, फडावरची कोप नव्हे. मुकादमांकडून टोळीतल्या मयतांची माहिती हंगाम संपल्यावर तुम्ही घेऊ शकता. गावात तर ती सगळ्यांना माहीतच असते.

आताच हे सगळं का, तर जनगणनेमुळे. 2021 ची जनगणना झाली नाही, त्यामुळे कोणत्या वयाची किती माणसं आहेत याचा आपला शेवटचा पक्का हिशोब 2011 चा आहे. नवीन जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. भागाकारातला खालचा आकडा तेव्हा मिळेल. वरचा, म्हणजे मृत्यूंचा, त्या तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्या वर्षांतल्या तुमच्या नोंदींतून यावा लागेल. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला दहा-पंधरा मृत्यू होतात. तेवढ्यावर गावाचा तक्ता होत नाही आणि तसा कुणी मांडून दाखवला तर विश्वास ठेवू नका. पण वीस-पंचवीस लाखांच्या जिल्ह्याचा, दोन-तीन वर्षांचे मृत्यू एकत्र घेऊन, निश्चित होतो. स्त्रियांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. शेतकरी आत्महत्यांनी चाळिशीतले पुरुष किती ओढून नेले, तेही त्या तक्त्यात त्या-त्या वयाला दिसेल.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने प्रत्येक तालुक्यात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या कपाटांतून निघाल्या. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधत लोक फिरले. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एका ओळीत काय लिहिलं होतं यावर आज घरांचं नशीब ठरतंय, हे तुम्ही जवळून पाहिलं आहे. त्या वह्या तेव्हा लिहिणाऱ्यालाही बिनकामाच्याच वाटल्या असतील.

जिल्हा निबंधकांकडे मी वेगळं निवेदन देत आहे: राहत्या गावाप्रमाणे मृत्यूंची जिल्हावार, वयवार आकडेवारी नावांशिवाय खुली करावी, आणि विद्यापीठांच्या संख्याशास्त्र विभागांना ती द्यावी. तक्ते मांडायला आमच्यासारखी निवृत्त माणसंही फुकट बसतील.

तुम्ही आज एवढंच करून पाहा. गेल्या दहा वर्षांची मृत्यू नोंदवही काढा आणि साठीच्या पुढच्या मयतांची वयं बघा. 0 किंवा 5 ने संपणारी वयं साधारण पाचात एक निघायला हवीत. तुमच्या वहीत ती निम्मी निघाली तर ही गोष्ट तालुक्याच्या पुढच्या मासिक बैठकीत मांडा, आणि नोंद करायला येणाऱ्या पुढच्या घराला वयाच्या आधी बहात्तरचा दुष्काळ विचारा.

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
अंबाजोगाई, जि. बीड